पोलिश चित्रपट आणि राष्ट्रीय अस्मिता

पोलंडच्या चित्रपटाने राष्ट्र या कल्पनेची केलेली जपणूक आणि वेळोवेळी घेतलेली झाडाझडती. रशिया, प्रशिया व ऑस्ट्रिया यांनी वाटून घेतल्यामुळे १७९५ पासून १९१८ पर्यंत पोलंड नकाशावर नव्हताच. तो तगला भाषेत, चर्चमध्ये आणि कवितेत. पुढे ही जबाबदारी बरीचशी सिनेमाकडे आली.

दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत प्रभावाखाली कम्युनिस्ट राजवट आली आणि १९४५ मध्ये चित्रपटउद्योग सरकारी मालकीचा झाला. १९४८ मध्ये वूच शहरात चित्रपटविद्यालय निघाले. स्टालिनच्या मृत्यूनंतर बंधने सैलावली आणि ‘पोलिश स्कूल’ म्हणून ओळखली जाणारी पिढी पुढे आली. आंजेय वायदा यांच्या ‘कनाऊ’मध्ये (१९५७) नाझी जर्मनांविरुद्धच्या १९४४ च्या वॉर्सा उठावातले बंडखोर गटारांतून वाट काढतात. दोघे जण कसेबसे तोंडाशी पोचतात, तर तिथे लोखंडी गज. पलीकडे व्हिस्चुला नदी आणि तिचा दुसरा काठ. उठाव चिरडला जात असताना रशियन सैन्य त्याच काठावर थांबून होते. चित्रपट याविषयी चकार शब्द काढत नाही. काढण्याची गरजही नव्हती. प्रेक्षक घरून तेवढे जाणूनच येत. सेन्सॉरला कापता येईल असे तिथे काही नव्हते.

वायदांचे वडील १९४० मध्ये सोव्हिएत गुप्त पोलिसांनी केलेल्या पोलिश अधिकाऱ्यांच्या हत्याकांडात मारले गेले. त्यावरचा ‘कातिन’ त्यांना २००७ मध्ये करता आला.

आंजेय मुंक यांना हौतात्म्याचे एवढे वेड मान्य नव्हते. त्यांच्या ‘एरोइका’तील (१९५८) युद्धकैदी अधिकारी एका साथीदाराच्या पलायनाच्या अभिमानावर दिवस काढतात, तो मात्र छावणीतच छपराखाली लपलेला असतो. वायदांहून मुंक अधिक निर्दय, आणि म्हणूनच कदाचित अधिक टिकाऊ. १९६१ मध्ये ते मोटार अपघातात गेले.

जर्मनांविरुद्धचा अभिमान सरकारलाही चालत असे. अलेक्सांदर फोर्ड यांनी जर्मन ट्युटॉनिक सरदारांवर १४१० मध्ये मिळवलेल्या ग्रुनवाल्ड विजयावर भव्य चित्रपट काढला (१९६०). पण फोर्ड ज्यू होते. १९६८ च्या सरकारपुरस्कृत ज्यूविरोधी मोहिमेनंतर त्यांना देश सोडावा लागला.

वायदांच्या ‘संगमरवरी माणूस’मध्ये (१९७७) चित्रपट शिकणारी एक विद्यार्थिनी, सरकारी प्रचाराने आदर्श कामगार ठरवलेल्या आणि पुढे विस्मरणात गेलेल्या गवंड्याचा माग काढते. पुढचा भाग ‘लोखंडी माणूस’ सॉलिडॅरिटी या स्वतंत्र कामगार संघटनेची चळवळ चालू असतानाच चित्रित झाला. त्यात चळवळीचे नेते लेख वालेन्सा स्वतः दिसतात. १९८१ मध्ये त्याला कान चित्रपट महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. त्याच डिसेंबरात देशात लष्करी कायदा लागू झाला.

१९८९ मध्ये कम्युनिस्ट राजवट संपल्यानंतर सेन्सॉर गेला, वाद उरले. दुसऱ्या महायुद्धात ज्यू शेजाऱ्यांच्या हत्येत काही पोलिश लोकांचाही हात होता, हे पावेऊ पावलिकोव्स्की यांच्या ‘इदा’ने (२०१३) दाखवले. त्याला ऑस्कर मिळाले. २०१६ मध्ये सरकारी दूरचित्रवाणीने तो दाखवला, मात्र आधी त्यातल्या कथित ऐतिहासिक त्रुटींवर चर्चा लावून.