तिकिटाच्या दोन किमती

एखाद्या लोकप्रिय गायकाच्या कार्यक्रमाची तिकिटे विक्रीला निघतात, काही मिनिटांत संपतात आणि त्याच दिवशी पुनर्विक्रीच्या संकेतस्थळांवर दुप्पट-तिप्पट दराने झळकू लागतात. यावर लोकांचा संताप होतो तो बहुधा दलालांवर. अर्थशास्त्राला मात्र त्याआधीचा एक प्रश्न छळत आला आहे : जे तिकीट दुप्पट दरानेही हातोहात खपते, ते मुळात निम्म्या दराने विकलेच का जाते?

सभागृह असो वा मैदान, आसने ठरलेली असतात. मागणी वाढली म्हणून ऐनवेळी आणखी दहा हजार जागा निर्माण करता येत नाहीत, आणि कार्यक्रम संपला की न विकलेल्या तिकिटाचे मोल शून्य होते. दर चढा ठेवल्यामुळे निम्मे मैदान रिकामे राहिले, तर पैशांबरोबर नावही जाते. दर उतरता ठेवला, तर फक्त मिळू शकले असते ते जादा उत्पन्न हुकते. मागणीचा नेमका अंदाज आधी बांधता येत नसल्यामुळे आयोजक चुकायचेच तर खालच्या बाजूने चुकणे पसंत करतात. शिवाय भरलेल्या मैदानातला जल्लोष हा कार्यक्रमाचाच भाग असतो, आणि तो निर्माण करणारे तरुण चाहते सर्वांत जास्त पैसे मोजू शकणारे असतातच असे नाही.

याहून खोलवरचे कारण न्याय्यतेच्या भावनेत आहे. डॅनियल कानेमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर यांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत कॅनडातील लोकांना विचारले होते की, मोठ्या हिमवादळानंतर दुकानदाराने बर्फ उपसण्याच्या फावड्याची किंमत १५ डॉलरवरून २० डॉलर केली, तर ते योग्य ठरेल का? ८२ टक्के लोकांनी ते अन्यायाचे ठरवले. ज्याची कारकीर्दच चाहत्यांच्या जिव्हाळ्यावर उभी आहे, त्या कलावंताला हा निकाल दुकानदारापेक्षा कितीतरी अधिक लागू पडतो.

तरीही तिकिटे स्वस्त राहिलेली नाहीत. अर्थतज्ज्ञ अ‍ॅलन क्रुगर यांनी दाखवून दिले की, १९९६ ते २००३ या काळात अमेरिकेतील संगीत कार्यक्रमांच्या तिकिटांचा सरासरी दर ८२ टक्क्यांनी वाढला, तर सर्वसाधारण महागाई १७ टक्क्यांनी. त्यांच्या मते, पूर्वी स्वस्त तिकीट काढून आलेला श्रोता पुढे ध्वनिमुद्रिका विकत घेत असे. गाणी इंटरनेटवरून फुकट उतरवली जाऊ लागल्यावर ती भरपाई आटली आणि कार्यक्रमालाच स्वतःचे पोट भरावे लागले. एवढी वाढ होऊनही मोठ्या नावांच्या बाबतीत दर्शनी किंमत, म्हणजे तिकिटावर छापलेली किंमत, आणि बाजारातील किंमत यांत फरक उरतोच.

हा फरक म्हणजे तिकीट आधी पटकावणाऱ्यासाठी ठेवलेले बक्षीस होय. बक्षीस असले की शर्यत लागते, आणि शर्यतीचा खर्च कोणाच्याच पदरात पडत नाही. पूर्वी लोक खिडकीसमोर रात्र काढत; आता दलाल एकाच वेळी शेकडो खरेदीदारांचे सोंग घेणारी बॉट सॉफ्टवेअर चालवतात. टेलर स्विफ्टच्या दौऱ्यासाठी नोव्हेंबर २०२२ मध्ये झालेल्या पूर्वविक्रीत ३५ लाख लोकांनी नोंदणी केली होती आणि तिकिटे विकणाऱ्या तिकीटमास्टर या कंपनीच्या यंत्रणेवर ३५० कोटी विनंत्या आदळल्या. त्यापूर्वीच, २०१६ साली, अमेरिकेने अशा बॉटविरुद्ध संघराज्य पातळीवर कायदा केला होता.

पुनर्विक्रीची बाजूही प्रामाणिकपणे पाहिली पाहिजे, कारण तिकीट ज्याला अधिक मोलाचे वाटते त्याच्याकडे ते या मार्गाने पोहोचते. फिलिप लेस्ली आणि अ‍ॅलन सोरेन्सन यांनी मोठ्या रॉक कार्यक्रमांची मूळ विक्री आणि पुनर्विक्री यांची आकडेवारी एकत्र करून हा लाभ मोजला. त्यांच्या अंदाजानुसार पुनर्विक्रीमुळे वाटपातून मिळणारे एकूण समाधान सरासरी ५ टक्क्यांनी वाढते. पण या वाढीचा एक तृतीयांश भाग तिकीट मिळवण्याच्या धडपडीत आणि पुनर्विक्रीच्या व्यवहारखर्चात विरून जातो. उरलेला लाभही श्रोत्यांच्याच वाट्याला येतो असे नाही. दलालाचा धंदा बिनजोखमीचा नसतो, हेही खरे. बेसबॉलच्या तिकिटांवरील अँड्र्यू स्वीटिंग यांच्या अभ्यासात सामन्याचा दिवस जवळ येईल तसे पुनर्विक्रेते दर ४० टक्के किंवा त्याहूनही अधिक उतरवत असल्याचे आढळले. ज्याला घाई नाही, त्याने थांबण्यात म्हणूनच अर्थ असतो.

मग कलावंताने थेट लिलावच का करू नये? २००० नंतरच्या दशकात तिकीटमास्टरने तो करून पाहिला. आदित्य भावे आणि एरिक बुडिश यांनी त्या लिलावांची आकडेवारी तपासली, तेव्हा कलावंतांचे उत्पन्न जवळपास दुप्पट झाल्याचे आणि दलालांचा संभाव्य नफा सरासरीने जवळजवळ संपल्याचे दिसले. लिलावाने दलालाचा नफा मिटतो हा सिद्धांत खरा ठरला, तरीही लिलाव रुजले नाहीत. माझ्या मते यात नवल नाही, कारण लिलावात दलालाचा नफा कलावंताच्या खिशात जातो आणि चाहत्याला मोजावी लागणारी रक्कम मात्र तेवढीच राहते. बदलते ते फक्त राग कोणावर काढायचा, हे.

ओॲसिस या ब्रिटिश बँडला २०२४ मध्ये याचाच अनुभव आला. उभे राहून कार्यक्रम पाहण्याचे सुमारे १५० पौंडांचे तिकीट रांगेत तासन्‌तास थांबलेल्यांना ३५० पौंडांहून अधिक दराने समोर दिसले आणि मोठा गदारोळ झाला. क्षणोक्षणी दर बदलणारे गणित त्यामागे असल्याचा सर्वांचा समज होता. ब्रिटनच्या स्पर्धा नियामकाला तसा पुरावा मात्र आढळला नाही : तिकिटांचा एक गठ्ठा कमी दराने विकून संपल्यावर उरलेली तिकिटे चढ्या दराने खुली केली गेली होती, आणि रांगेतल्यांना हे आधी सांगितलेले नव्हते. मला मूळ दोष दरापेक्षा या न सांगण्यात दिसतो.

आयर्लंडने २०२१ साली वेगळी वाट धरली आणि १,००० किंवा अधिक आसनांच्या ठिकाणांसाठी दर्शनी किमतीपेक्षा जास्त दराने तिकीट विकण्यावर बंदी घातली. बंदीने बक्षीस कमी होते, पण शर्यत पूर्णपणे थांबत नाही. स्वस्त तिकिटाला गिऱ्हाईक जास्त असेपर्यंत जो लवकर पोहोचेल तोच जिंकतो. ती थांबवायची असेल, तर वाटप सोडतीने व्हायला हवे, कारण सोडतीत वेगाचा उपयोग नसतो. अडचण आलेल्याला तिकीट दर्शनी किमतीलाच परत करण्याची सोय जोडली, तर पुनर्विक्रीचा खरा उपयोगही टिकतो. कलावंताला तिकीट मनापासून स्वस्त ठेवायचे असेल, तर मला हीच जोडी सर्वांत योग्य वाटते. मात्र एकाच माणसाने शंभर नावांनी अर्ज केले तर सोडतही फसते, म्हणून तिकीट व्यक्तीशी बांधून प्रवेशद्वारावर ओळख तपासावी लागते. न्यूयॉर्कसह अमेरिकेच्या काही राज्यांतील कायदे तिकीट हस्तांतरित करण्याचा खरेदीदाराचा हक्क राखून ठेवतात, त्यामुळे २०२३ मध्ये द क्युअर या बँडला आपली हस्तांतरबंदी तेथे लागू करता आली नाही.