अमेरिकी कैद्याचा ‘फुकट’ दावा

अमेरिकेतले कैदी तुरुंगात बसून फुकटात दावे ठोकतात, असं वर्षानुवर्षं ऐकू येतं. कैद्यांच्या दाव्यांवरच्या १९९६च्या कायद्यानंतर तरी ते खरं नाही. फेडरल (केंद्रीय) कोर्टात दिवाणी दावा लावणाऱ्या गरीब कैद्याला फी माफ होत नाही, फक्त हप्ते मिळतात. फी ३५० डॉलर. आधी कैद्याच्या तुरुंगातल्या खात्यातली सहा महिन्यांची सरासरी मासिक जमा किंवा शिल्लक, यातल्या मोठ्या रकमेचे २० टक्के भरायचे. पुढे खात्यात दहा डॉलरहून जास्त असले की मागच्या महिन्याच्या जमेचे २० टक्के. घरून आलेले पैसेही यातच! दोन दावे असतील तर ४० टक्के, हे सर्वोच्च न्यायालयानेच २०१६मध्ये ठरवलं. दावा फेटाळला तरी कपात चालूच. खात्यात छदामही नसेल, तर मात्र तेवढ्यावरून दावा अडवता येत नाही.