बालपणीचे आघात आणि द्विध्रुवीय विकाराचा दीर्घकालीन क्रम

लहानपणी सोसलेली मारहाण, लैंगिक अत्याचार, सततचा पाणउतारा किंवा हेळसांड आणि पुढे जडलेल्या द्विध्रुवीय विकाराची (बायपोलर) वाटचाल यांच्यातील संबंध हा या लेखाचा विषय आहे. उन्माद आणि नैराश्य या दोन टोकांत माणसाला हेलकावे देणाऱ्या या आजारात आनुवंशिकतेचा वाटा ६० ते ८० टक्के मानला जातो. त्यामुळे ‘आघाताने आजार होतो का?’ या प्रश्नाला सरळ उत्तर नाही. झालेला आजार पुढे कोणते वळण घेतो, याबद्दल मात्र बरेच काही हाती लागले आहे.

लेव्हरिच आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये ६३१ रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. लहानपणी शारीरिक वा लैंगिक अत्याचार झालेल्यांमध्ये आजार कमी वयात सुरू झालेला दिसला, उन्माद-नैराश्याचे झटके लवकर लवकर येत होते, जोडीला इतर विकार होते आणि आत्महत्येचे प्रयत्नही जास्त होते. ॲग्न्यू-ब्ले आणि डानेझे यांनी २०१६ मध्ये ३० अभ्यास एकत्र तपासले, तेव्हाही चित्र तेच निघाले. त्यात चिंता, व्यसन आणि आघातोत्तर ताणविकार (भयंकर अनुभवानंतर जडणारा ‘पीटीएसडी’) यांची भर पडली.

यात सर्वांत दुर्लक्षित राहतो तो भावनिक छळ. त्याचा वळ उठत नाही, तक्रार होत नाही आणि घरात त्याला ‘शिस्त’ म्हणतात. पाल्मिए-क्लॉस यांच्या २०१६ च्या विश्लेषणात द्विध्रुवीय रुग्णांमध्ये बालपणी सोसलेला छळ वा हेळसांड निरोगी लोकांच्या मानाने अडीचपटीहून अधिक आढळले. भावनिक छळाचे गुणोत्तर मात्र चारपटीच्या घरात गेले. भारत सरकारने २००७ मध्ये १३ राज्यांतील (महाराष्ट्र आणि गोवा धरून) मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. तिच्यात जवळजवळ दर दुसऱ्या मुलाने भावनिक छळ सांगितला आणि त्यांतील ८३ टक्के प्रसंगी छळणारे आईवडीलच होते. ही पाहणी द्विध्रुवीय विकाराविषयीची नाही, पण छळ आपल्याकडे किती घरगुती आहे, हे तिच्यातून कळते.

हे घडते कसे? सतत भीतीत वाढणाऱ्या मुलाची ताणाला तोंड देणारी यंत्रणा, म्हणजे मेंदूतील हायपोथॅलॅमस व पियूषिका आणि मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी यांची साखळी, बिघडते. कॉर्टिसॉल या ताणाच्या संप्रेरकाचे चढउतार बदलतात आणि पुढे लहानसा ताणही झेपत नाही. मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट पोस्ट यांनी १९९२ मध्ये अपस्मारावरील (फेफऱ्यावरील) प्रयोगांतून घेतलेली कल्पना मांडली : सुरुवातीचे झटके ताणामुळे येतात, नंतरचे आपसूक. गंमत अशी, की पोस्ट स्वतः सहलेखक असलेल्या लेव्हरिच यांच्या २००२ च्या पाहणीत अत्याचार सोसलेल्यांच्या अगदी अलीकडच्या झटक्याआधीही ताणाचे प्रसंग जास्त आढळले. म्हणजे या रुग्णांना ताण शेवटपर्यंत सोडत नसावा.

पुराव्याची कच्ची बाजू स्मरणाची आहे. बहुतेक अभ्यास प्रौढ रुग्णाला मागचे आठवायला सांगतात. त्यासाठी २८ विधानांची एक प्रश्नावली सर्रास वापरतात. लहानपणीच नोंदलेले आघात आणि मोठेपणी सांगितलेले आघात पडताळले, तर दोहोंचा मेळ फारसा बसत नाही, असे २०१९ च्या एका मोठ्या विश्लेषणात दिसले. शिवाय आजारी पालकाकडून मुलाला जनुकेही मिळतात आणि अस्थिर घरही. कशाचा किती दोष, हे वेगळे काढणे अवघडच. चंचल, चिडखोर मुलाला मारही जास्त बसतो, हे आणखी एक.

उपचारांचा पाया लिथियम आणि मनःस्थिती स्थिर राखणारी इतर औषधे हाच राहतो. पण लहानपणाबद्दल विचारले नाही, तर निदानातच घोळ होऊ शकतो. आघातोत्तर ताणविकारातली निद्रानाश, चिडचीड, दचकणे ही लक्षणे सौम्य उन्मादासारखी भासतात. फरक ओळखायचा तो झोपेवरून : उन्मादात माणसाला झोपेची गरज फार कमी वाटते आणि तरीही तो ताजातवाना असतो, आघातग्रस्ताला झोप हवी असते, पण भीतीने वा दुःस्वप्नांनी ती मोडते.