सणासुदीच्या काळातील अल्पवयीनांच्या चोऱ्या

गणेशोत्सव, नवरात्र, दिवाळी आणि जत्रांच्या गर्दीत १८ वर्षांखालील मुलामुलींच्या हातून होणाऱ्या चोऱ्यांना कायद्यात वेगळे नाव नाही. पकडलेल्या मुलाची नोंद पोलीस ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ अशी करतात. ‘बालगुन्हेगार’ हा शब्द बोलण्यात टिकून असला तरी कायद्याने तो टाळला आहे.

या चोऱ्यांचे ढोबळ दोन प्रकार. पहिला टोळीचा. विसर्जन मिरवणुकीत ढोल-ताशाच्या दणक्यात खिशातला परका हात जाणवत नाही. एक जण धक्का देतो, दुसरा मोबाइल उचलतो, आणि क्षणात तो तिसऱ्याकडे, म्हणजे बहुधा सर्वांत लहान पोराकडे जातो. त्याची झडती घ्यावी असे कुणाला वाटत नाही, हीच त्याची टोळीतली किंमत. दुसरा प्रकार घरच्या मुलांचा: दिवाळीच्या खरेदीत दुकानातून उचललेला बूट किंवा अत्तराची बाटली, फटाक्यांच्या स्टॉलवरून पळवलेला खोका, सुट्टीत फेरफटका मारायला नेलेली आणि पेट्रोल संपल्यावर कुठेतरी सोडलेली शेजाऱ्याची दुचाकी. पहिल्यात पोट आणि मोठ्यांचा धाक असतो, दुसऱ्यात हौस आणि मित्रांसमोरची फुशारकी. दोन्ही एकाच मापाने मोजणे चूक.

चोरीची व्याख्या व शिक्षा भारतीय न्याय संहितेत (२०२३) आहे, मुलाचे पुढे काय करायचे ते बाल न्याय अधिनियम, २०१५ ठरवतो. महाराष्ट्राला हा विचार नवा नाही. मुंबई इलाख्यात मुलांसाठी स्वतंत्र कायदा १९२४ पासून होता. सात वर्षांखालील मुलाचे कृत्य गुन्हाच ठरत नाही. सात ते बारा या वयात मुलाला आपण काय करतोय याची समज होती का, हे पाहतात. वय मोजायचे ते चोरीच्या दिवशीचे, पकडले त्या दिवशीचे नव्हे. शाळेचा किंवा जन्माचा दाखला आधी, तो नसेल तरच वैद्यकीय चाचणी.

चोरी कुठे झाली यावर बरेच ठरते. साध्या चोरीला (न्याय संहितेचे कलम ३०३) आणि हिसकावून नेण्याला (कलम ३०४) कमाल तीन वर्षे. म्हणून मुलाच्या बाबतीत तो ‘किरकोळ’ अपराध. पण घरातून, माल ठेवण्याच्या इमारतीतून वा तंबूतून, प्रवासी वाहनातून किंवा देवळातली मूर्ती चोरली, तर कलम ३०५ लागू होते आणि कमाल शिक्षा सात वर्षांवर जाते. रस्त्यावर मारलेला मोबाइल आणि बसमध्ये मारलेला मोबाइल यांत कायदा असा फरक करतो. सोनसाखळी ओढताना कोयता वापरला, तर प्रकरण आणखी पुढे जाते: प्राणघातक हत्यारासह जबरी चोरीला किमान सात वर्षांची शिक्षा असल्याने तो ‘निर्घृण’ अपराध होतो, आणि मुलगा सोळा पूर्ण केलेला असेल तर त्याच्यावर प्रौढासारखा खटला चालवायचा का, याचे प्राथमिक मूल्यमापन बाल न्याय मंडळाला करावे लागते. निव्वळ चोरीत मात्र ती वेळ येत नाही.

किरकोळ प्रकरणात मुलावर एफआयआर नोंदवायचा नसतो. बाल कल्याण पोलीस अधिकारी स्टेशन डायरीत नोंद घेतो आणि मुलाच्या घरादाराची माहिती देणारा सामाजिक पार्श्वभूमी अहवाल मंडळाला पाठवतो. सोबत प्रौढ आरोपी असेल तर एफआयआर होतो. बेड्या नाहीत, कोठडी नाही. प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत मंडळासमोर हजर करायचे. मंडळात एक दंडाधिकारी व दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्यांतली किमान एक स्त्री.

जामीन हा नियम आहे. सुटल्यावर मूल पुन्हा गुन्हेगारांच्या संगतीत जाईल, त्याला धोका होईल किंवा सुटकेने न्यायाचा हेतूच विफल होईल असे वाटले, तरच निरीक्षणगृहात ठेवतात. लोक त्याला अजून ‘रिमांड होम’च म्हणतात. टोळीतल्या मुलांचे घोडे इथेच अडते. सोडवायला आलेला ‘मामा’ खरोखर मामा आहे का, हे परिविक्षा अधिकाऱ्याला (मुलाच्या घरची चौकशी व देखरेख करणाऱ्याला) आधी तपासावे लागते. घरच्या मुलांना सहसा आईवडील त्याच दिवशी घेऊन जातात.

चौकशी चार महिन्यांत संपवायची असते. दोष सिद्ध झाला तरी ‘शिक्षा’ नसते, आदेश असतो: समज देऊन घरी पाठवणे, समुपदेशन, सामुदायिक सेवा, पालकांना दंड, चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर परिविक्षा (देखरेखीखाली सुटका), किंवा जास्तीत जास्त तीन वर्षे विशेष गृह, म्हणजे सुधारगृह.

मुलाला चोरीच्या कामाला लावणाऱ्या प्रौढाला मात्र न्याय संहितेच्या कलम ९५ अन्वये तीन ते दहा वर्षांची कैद आहे, आणि चोरीचा माल जाणूनबुजून घेणाऱ्याला कलम ३१७ लागते. सणातल्या चोऱ्यांचा खरा दोर या दोन कलमांत आहे. पोराला धरून माल कुठे जातो ते न विचारणे, म्हणजे पुढच्या वर्षी तेच काम दुसऱ्या पोराकडे जाणार.

प्रकरण निकाली निघाल्यावर त्याचा डाग नोकरी वा शिक्षणाच्या आड येऊ नये आणि नोंदी ठराविक मुदतीनंतर नष्ट कराव्यात, असे बाल न्याय अधिनियमाचे कलम २४ सांगते. सोळा पूर्ण केलेल्या व बाल न्यायालयाने (प्रौढासारखा खटला चालवणाऱ्या न्यायालयाने) दोषी ठरवलेल्यांना ही सवलत नाही. प्रकरणातल्या मुलाचे नाव, पत्ता, शाळा किंवा फोटो प्रसिद्ध करण्यास त्याच अधिनियमाच्या कलम ७४ ने मनाई आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दुकानातल्या सीसीटीव्हीची क्लिप ‘हा चोर ओळखा’ म्हणून सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरवणाऱ्यांना हे कलम सहसा ठाऊक नसते.