मासे तरंगले म्हणजे विषच?

"तळ्यात सकाळी मेलेले मासे दिसले, म्हणजे रात्री कुणीतरी विष कालवलं." सोलापूरकडे उन्हाळ्यात हा मेसेज फिरतो. शंका येणं स्वाभाविक आहे, पण पुष्कळदा कारण पाण्यातच असतं.

२० अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साधारण ७.५. पाणी तापलं की माशाची गरज मात्र वाढते. त्यात हिरवं शेवाळ दिवसा प्राणवायू सोडतं आणि रात्री स्वतःच ओढून घेतं, म्हणून पहाट सगळ्यांत जड. खाऱ्या पाण्यात तर प्राणवायू आणखी कमी मावतो, पण कोकणातल्या उथळ खाडीत भरती दिवसातून दोनदा ताजं पाणी आणते. आपल्या तळ्याला ती सोय नाही.

उजाडायच्या आत काठावर जाऊन बघा. मासे तोंडं वर काढून आ वासत असतील, मोठे आधी मेले असतील, बेडूक धडधाकट असतील, तर बहुधा ती घुसमट. लहानमोठं सगळं एकदम, भरदुपारी मेलं असेल, तर पाणी तपासायला द्याच. तोवर ते मासे घरी नेऊ नका, जनावरांना ते पाणी पाजू नका.