मोठ्या आतड्याचा लिम्फोमा : आधी ऑपरेशन की आधी केमो?

उजवीकडे खाली पोटात गोळा, ताप, वजन उतरलेलं, असा पेशंट मुंबईत आला की पहिला संशय टीबीचाच, आणि तो चुकीचाही नाही, आतड्याचा टीबी आपल्याकडे भरपूर. मोठ्या आतड्यात सुरू होणारा लिम्फोमा, म्हणजे लिम्फ पेशींचा कॅन्सर, मात्र तिथल्या एकूण कॅन्सरमध्ये १ टक्क्याहूनही कमी, आणि होतो तो बहुधा सीकममध्ये, मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागात, म्हणजे नेमका त्याच कोपऱ्यात. मग एकेटी, म्हणजे टीबीची औषधं, सुरू होते आणि महिने निघून जातात.

खरा वाद ऑपरेशनचा. १९६१ मध्ये ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी ३७ पेशंट अभ्यासून लिम्फोमा आतड्यातलाच कधी म्हणायचा याचे निकष ठरवले: बाहेरून हाताला गाठी लागता कामा नयेत, छातीच्या एक्सरेत दिसता कामा नयेत, पांढऱ्या पेशी नॉर्मल हव्यात आणि पोट उघडल्यावर रोग मुख्यतः आतड्यातच सापडायला हवा, लिव्हर आणि स्प्लीन मोकळे. सीटी नव्हता, त्यामुळे पोट उघडणं हीच तपासणी होती आणि उघडलंच आहे तर तेवढा भाग काढूनही टाकायचे. पुढे सीटी, कोलोनोस्कोपी (दुर्बिणीने आतडं तपासणं), सीएचओपी ही चार औषधांची केमो, सगळं आलं तरी ही सवय गेली नाही. जठराच्या लिम्फोमात सर्जरी हळूहळू मागे पडली, आतड्यात टिकली, कारण भीती खरी आहे: गाठ भिंतीच्या आरपार गेली असेल तर केमोने ती विरघळताना आतडं फुटू शकतं. पण आतडं तुंबलेलं नाही, फुटलेलं नाही, रक्तस्राव नाही, अशा पेशंटला निदानाआधीच घाईने कापण्याचं समर्थन मला तरी पटत नाही, आणि गाठ गुदाशयात असेल तर अजिबातच नाही, तिथे ऑपरेशन म्हणजे अनेकदा पोटावर शौचाची पिशवी.

पेशंटला एचआयव्ही आहे का हेही बघावं लागतं: १९८५ मध्ये एचआयव्ही असलेल्यांतल्या आक्रमक लिम्फोमांची गणना एड्सच्या व्याख्येत झाली. आपल्याकडे सरकारी एआरटी, म्हणजे एचआयव्हीची औषधं, मोफत मिळायला २००४ उजाडलं.

लिम्फोमाच्या उपचाराचं चित्र पालटलं ते रिटुक्सिमॅब या अँटिबॉडीच्या इंजेक्शनने. २००२ च्या अभ्यासात साठीपुढच्या पेशंटमध्ये सीएचओपीला त्याची जोड दिल्यावर जास्त लोक जगले, आणि २००७ मध्ये भारतीय बनावटीचं स्वस्त इंजेक्शन आलं. पण ते चालायला कॅन्सरच्या पेशींवर सीडी२० हे प्रथिन हवं, आणि ते कळायला बायोप्सीचा तुकडा पुरेसा हवा. कोलोनोस्कोपीत निघतात तांदळाच्या कणीएवढे तुकडे, त्यात आधीच कोणी स्टिरॉइड दिलेलं असलं तर रिपोर्ट धड येत नाही, आणि नातेवाईक मेणाचे ब्लॉक आणि स्लाइडचा डबा पिशवीत घालून लोकलने परळला टाटा हॉस्पिटलमध्ये दुसरं मत घ्यायला निघतात.