ट्राउटसाठी हिमाचलला निघण्याआधी

उन्हाळा लागला की कुल्लूकडे निघालेले ग्राहक आमच्या मासेमारीच्या सामानाच्या दुकानात येतात आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो: कोणती फ्लाय, म्हणजे किड्यासारखा दिसणारा बनावट गळ, घेऊ? आमचं म्हणणं, आधी मासा समजून घ्या. फ्लाय नंतर बघू.

आपल्याकडे तलावावर रोहू-कटल्यासाठी कणकेचा गोळा लावून गळ टाकतात आणि मासा येण्याची वाट पाहतात. ट्राउटचं तसं नाही. तो आपली जागा धरून थांबतो आणि अन्न वाहत त्याच्याकडे येतं. ती जागा ओळखणं हे निम्मं काम.

हा थंड पाण्याचा मासा. पाणी साधारण १० ते १६ अंश असलं की तो चांगला खातो. २० अंशांच्या वर त्याला त्रास होऊ लागतो, कारण पाणी तापलं की त्यातला प्राणवायू घटतो. म्हणूनच नागपूरजवळच्या कन्हान-पेंच नद्यांमध्ये तो सापडणार नाही. भारतात तो इंग्रजांच्या काळात आला: १९०० साली काश्मीरमध्ये रुजला आणि १९०९ मध्ये तिथून त्याची अंडी कुल्लू खोऱ्यात नेली. मार्चमध्ये कुल्लूकडच्या तीर्थन नदीचं पाणी सकाळी फार गार असतं, मासा सुस्त असतो. तेव्हा पहाटे धावपळ करू नका, ऊन वर येऊ द्या. मे महिन्यात मात्र सकाळ आणि संध्याकाळ सोडू नका.

नदीवर पोचल्यावर लगेच रॉड जोडू नका. दहा मिनिटं नुसतं पाणी पाहा. वेगाच्या धारेत उभं राहायला ताकद लागते, म्हणून ट्राउट संथ पाण्यात थांबतो, पण धारेला अगदी खेटून, कारण खाणं धारेतून येतं. मोठ्या दगडाच्या मागे सगळेच फ्लाय टाकतात. दगडाच्या पुढेही पाणी आदळून मंदावतं आणि तिथेही मासा असतो, ही जागा बहुतेकांकडून सुटते. वेगाचं आणि संथ पाणी जिथे घासून जातं, ती रेषा शोधा. फेसाची पट्टी बहुधा तिच्यावरूनच वाहते, आणि फेस जिथून जातो तिथूनच किडेही जातात. मोठा ब्राउन ट्राउट दिवसा काठाखालच्या कपारीत दबून राहतो. रेनबो ही ट्राउटची दुसरी जात त्या मानाने मोकळ्या, वेगाच्या पाण्यात दिसते.

त्याचं तोंड प्रवाहाकडे असतं आणि थेट पाठीमागचं त्याला दिसत नाही. म्हणून खालच्या बाजूने वर चढत जा. पाण्याबाहेरचं जग त्याला डोक्यावरच्या एका गोल खिडकीतून दिसतं. मासा मीटरभर खोल असेल, तर ही खिडकी सुमारे सव्वादोन मीटर रुंद असते. तो वर आला की खिडकी लहान होते: तुम्हाला जवळ जाता येतं, पण फ्लाय अचूक पडायला हवी. काठावर ताठ उभे राहू नका, वाकून किंवा गुडघ्यावर चाला. गप्पांपेक्षा दगडांवर आपटणारं पाऊल त्याला लवकर कळतं.

त्याचं बहुतेक खाणं पाण्याखाली चालतं. मेफ्लाय, कॅडिस, स्टोनफ्लाय या किड्यांची पिल्लं दगडांखाली वाढतात. एखादा दगड उलटून पाहा आणि तेवढ्याच आकाराची, त्याच रंगाची निम्फ, म्हणजे त्या पिल्लासारखी दिसणारी बुडती फ्लाय, लावा. वर तरंगणारी ड्राय फ्लाय सगळ्यांना आवडते, आम्हालाही. पण पाठ आणि शेपूट दिसते, नाक दिसत नाही, तेव्हा मासा पृष्ठभागाच्या किंचित खाली खातोय असं समजा.

फ्लाय पाण्याच्याच वेगाने वाहायला हवी. मधली धार दोर ओढते, त्याबरोबर फ्लाय सरपटते आणि मासा तोंड फिरवतो. म्हणून दोर पाण्यावर पडताच उचलून प्रवाहाच्या वर टाकायचा, याला मेंडिंग म्हणतात. आमच्या मते फ्लायच्या निवडीपेक्षा हे दहापट महत्त्वाचं आहे. नागपुरात सराव करायला मोकळं मैदान पुरतं: दोराच्या टोकाला लोकरीचा तुकडा बांधा.

महागड्या रॉडपेक्षा आधी न घसरणारे बूट आणि पोलराइज्ड चष्मा घ्या. त्या चष्म्यातून पाण्यावरची चकाकी जाते आणि मासा दिसतो.

गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाका, मासा ओल्या हातांनी धरा आणि पाण्यातच सोडा. हिमाचलात नोव्हेंबर ते फेब्रुवारी ट्राउटची मासेमारी बंद असते, कारण त्या काळात ब्राउन ट्राउट खडीत अंडी घालतो. परवाना तिथल्या मत्स्य विभागाकडून काढावा लागतो. किती आणि किती लांबीचे मासे ठेवता येतात, हेही तेव्हाच विचारून घ्या.